तीन नमो मारिया

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या आमच्या चर्चमध्ये कन्फेशनची वेळ शनिवारी दुपारी साडेतीन ते सव्वाचार. दर रविवारी दारात मिळणाऱ्या पत्रकात ती छापलेली असायची आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, ‘किंवा अपॉइंटमेंट घेऊन’. एवढ्या मोठ्या पॅरिशची आठवड्याभराची पापं पाऊण तासात उरकतात, म्हणजे एक तर माणसं फार सज्जन असली पाहिजेत, नाहीतर फार निगरगट्ट. नव्वदच्या दशकातली सहा वर्षं मी त्यांच्यात काढली. सज्जन नव्हती.

वसईला आमच्या चर्चमध्ये कन्फेशनला लाकडी पेटी होती. आत अंधार, मध्ये जाळी, गुडघ्याखाली एक फळी. ती अशी रुतायची की पापं भराभर आठवायची. इथे त्या पेटीच्या जागी एक खोली होती. तिच्यात गालिचा, समोरासमोर दोन गुबगुबीत खुर्च्या, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड आणि हाताशी टिश्यूचा डबा. रडू येणार हे गृहीतच धरलेलं. तरुण फादर स्वेटर घालून बसायचे आणि पाप सांगितलं की मान तिरकी करून विचारायचे, “अँड हाऊ डिड दॅट मेक यू फील?” पाप करताना कसं वाटलं म्हणून विचारणारा फादर मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. बरं वाटलं होतं, म्हणून तर केलं, असं सांगावंसं वाटायचं.

माझे बाबा एसटीच्या डेपोत कंट्रोलर होते. आयुष्यभर त्यांनी गाड्या वेळेवर सोडल्या आणि घरही तसंच चालवलं. उपवासकाळ लागला, ईस्टरच्या आधीचं कन्फेशन जवळ आलं, की ते मला आणि माझ्या भावाला समोर उभं करायचे आणि विचारायचे, “कोणाचं काय बिघडवलंय?” आम्ही आठवून आठवून सांगायचो. मग ते म्हणायचे, “ज्याचं बिघडवलंय त्याच्याकडे आधी जाऊन या. फादर काय, संध्याकाळपर्यंत बसलेलेच असतात.” वाडीत बऱ्याच घरांत ही पद्धत होती, पण आमच्या घराइतकी कडक कुठेच नव्हती.

मी नऊ वर्षांची असताना शेजारच्या काकूंचा मोगरा कळ्यांसकट ओरबाडला होता आणि आळ आला होता त्यांच्या सुनेवर. बाबांनी मला एकटीला पाठवलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं. काकूंनी मला चार शब्द सुनावले, सुनेने मागच्या दाराने बोलावून हातावर रव्याचा लाडू ठेवला. त्यानंतर फादरसमोर गेले तेव्हा सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

स्वतः बाबाही सुटायचे नाहीत. एकदा त्यांनी एका कंडक्टरला डेपोत सगळ्यांदेखत झापलं आणि मग चूक निघाली ती त्यांचीच. शुभ शुक्रवारच्या आधी ते सायकल मारत नालासोपाऱ्याला त्याच्या घरी गेले. तो हिंदू. त्याला उपवासकाळ ठाऊक नाही, कन्फेशन ठाऊक नाही. साहेब दारात बघून त्याला वाटलं, आपली नोकरी गेली. बाबांनी माफी मागितली, त्याच्या बायकोने केलेला चहा प्यायले आणि तसेच परत येऊन पेटीसमोरच्या रांगेत उभे राहिले. घरी आल्यावर म्हणाले, “चहा फार गोड होता.”

अशा माणसाला मी अमेरिकेला निघायच्या आदल्या दिवशी काय बोलले ते आता सांगते. लग्न होऊन नवरा पुढे न्यू जर्सीला गेला होता आणि व्हिसा येईपर्यंत वर्षभर मी माहेरीच होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा महिनाभर एकच वाक्य घोळवत होते, “तिकडे कशाला, इथे काय कमी आहे?” मी बॅग भरत होते, वजन जास्त भरत होतं, लोणच्याची बरणी काढू की पुस्तकं काढू या विचाराने डोकं फिरलं होतं, आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी म्हणाले, “तुम्हाला मुलगी नकोय बाबा, भाकऱ्या थापणारी बाई हवीय.” ते उठून अंगणात गेले. दुसऱ्या दिवशी मला विमानतळावर सोडायला फक्त भाऊ आला.

पार्सिपनीला आले त्या पहिल्याच उपवासकाळात मी त्या गालिच्याच्या खोलीत गेले आणि सांगितलं, “मी वडिलांना लागेल असं बोलले.” फादरनी विचारलं, “आर यू सॉरी?” मी म्हटलं, हो. मग ते म्हणाले, “थ्री हेल मेरीज.” म्हणजे आपली ‘नमो मारिया’ ही प्रार्थना तीनदा म्हणायची. मी बाकावर बसून तीनदा म्हटलं आणि बाहेर आले तर खरंच हलकं वाटत होतं. बाबांना फोन करायचं मनात होतं. पण भावाशी बोलताना “बाबांना दे” हे दोन शब्द काही तोंडातून निघत नव्हते, आणि माफी तर मिळालीच होती, मग घाई कसली. पुढच्या वर्षी तेच पाप पुन्हा सांगितलं, पुन्हा तीन. तिसऱ्या वर्षीही तीन. तेव्हा मला यात काही खटकलं नाही. खटकण्यासारखं माझ्या जाऊबाईंकडे इतकं होतं की स्वतःकडे बघायला फुरसतच नव्हती.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. त्या पुण्याच्या कॅम्पात वाढलेल्या. माझ्या आधी आठ वर्षं अमेरिकेत आलेल्या, आमच्यापासून दहा मिनिटांवर स्वतःच्या घरात राहणाऱ्या आणि दर शनिवारी साडेतीनला कन्फेशनला जाणाऱ्या. मी त्यांना ताई म्हणायचे. शनिवारी सकाळी त्या फोनवर एखाद्या मैत्रिणीची यथेच्छ निंदा करायच्या, दुपारी ती धुऊन यायच्या आणि रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, झाल्यावर त्याच मैत्रिणीला मिठी मारायच्या. त्यांची कन्फेशनची एक खास पद्धत होती, ती त्यांनी मला स्वयंपाकघरात हसत हसत सांगितली होती.

“बारीकसारीक असेल ते मी इंग्लिशमध्ये सांगते. काही मोठं असलं ना, की मराठीत.”

“फादरना मराठी येत नाही, ताई.”

“देवाला येतं ना! फादरना मी आधीच विचारलंय, यू कॅन स्पीक एनी लँग्वेज, असं म्हणालेत ते. म्हणजे बघ, सांगून झालं, कोणाला कळलंही नाही. ऑल सेट!”

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कूपन कापून साबण आणल्याचा आनंद होता. मीही हसले. तेव्हा त्यांचं ‘मोठं’ काही असेल असं मला वाटलंच नव्हतं.

चौथ्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांच्या मुलीचं फर्स्ट कम्युनियन, म्हणजे पहिला ख्रिस्तप्रसाद घ्यायचा सोहळा, होता आणि रविवारी घरी साठ माणसांचं जेवण. माझ्या व्हिसावर नोकरी करायला मनाई होती, त्यामुळे सगळ्या खानदानाच्या मते मला वेळच वेळ होता. वडे मी तळायचे, कोंबडीचा रस्सा मी करायचा, आणि पांढरे फुगे व “गॉड ब्लेस” लिहिलेला केक ताई आणणार. त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी अपार्टमेंट बदललं होतं. जुना फोन बंद झाला होता, नव्या घरातला सोमवारी जोडणार होते. भावाकडे गरजेपुरता ताईंचा नंबर होता, बाबांच्या डायरीत लिहून ठेवलेला.

गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी मी ताईंच्या स्वयंपाकघरात उभी होते. पीठ भिजवलं, मसाला भाजला, कोंबड्या साफ केल्या. फोन माझ्या डोक्यावर, भिंतीला होता. ताई त्यावर दिवसभर केकवाल्याशी बोलायच्या. रविवारी मी बाराला वडे तळायला बसले ती तीनला उठले. पाहुण्यांनी वड्यांचं फार कौतुक केलं. एका अमेरिकन बाईंनी मला विचारलं, “आर यू द केटरर?” ताई हसून म्हणाल्या, “शी इज फॅमिली!” आणि मला आणखी एक ट्रे आणायला पाठवलं.

संध्याकाळी सहाला माणसं निघत असताना वसईहून भावाचा फोन आला. बाबा रात्री झोपेतच गेले होते. फोन ताईंनी घेतला, किंचाळल्या, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडल्या. माझ्यापेक्षा जास्त. मला तेव्हा वाटलं, किती माया आहे या बाईला, माझ्या वडिलांना आयुष्यात दोनदा भेटल्या असतील. माझ्या केसांना तेलाचा वास येत होता, तो अजून आठवतो. बाबांना दुसऱ्या दिवशी दुपारीच पुरलं. मला वेळेत पोचणं शक्य नव्हतं.

यानंतर दहा महिने मी स्वतःला एकाच गोष्टीवर समजावत राहिले. ते अचानक गेले, कोणाला काही कल्पना नव्हती, त्यांनीही चार वर्षांत मला एकदाही फोन केला नव्हता, म्हणजे दोघंही हट्टी, फिट्टंफाट. मुलीला असा हिशोब पुरतो. नाही पुरला तर ती पुरवून घेते.

मग पुढचा उपवासकाळ आला. ईस्टरच्या आधी आमच्या चर्चमध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी सामुदायिक प्रायश्चित्ताचा कार्यक्रम असायचा. आजूबाजूच्या गावांतून पाच-सहा फादर मागवायचे आणि त्यांना चर्चच्या कोपऱ्याकोपऱ्यात खुर्च्या टाकून बसवायचे. प्रत्येक खुर्चीसमोर गालिच्यावर चिकटपट्टी लावलेली. रांगेने पट्टीच्या मागे थांबायचं, म्हणजे पुढच्याचं पाप ऐकू येऊ नये. तरी ऐकू आलंच तर ते बुडवायला एक बाई पियानो वाजवत असायची. बँकेत पैसे काढायला उभं राहतात तसे सगळे आपापल्या पट्टीमागे उभे.

नवऱ्याने मला दारात सोडलं आणि तो गाडी लावायला गेला. मी उशिरा पोचले होते, म्हणून सगळ्यांत लहान रांग पाहून उभी राहिले. ती लहान का होती ते पुढे गेल्यावर कळलं. तिथले फादर ऐंशीच्या घरातले आणि ठार बहिरे होते. कानामागे हात धरून ते प्रत्येकाला म्हणत, “लाउडर, डिअर.” अमेरिकन माणसं चतुर, ती दुसरीकडे गेली होती. माझ्यापुढे एकच बाई उरली. ती खुर्चीत जाऊन बसली तेव्हा पाठ पाहून ओळखलं, जाऊबाई.

मी आपणहून दोन पावलं मागे सरकले, हे मला आवर्जून सांगायचंय. पण बाईंनी सुरुवात केली इंग्रजीत, फादर म्हणाले, “लाउडर, डिअर,” आणि ताई मराठीवर गेल्या. आवाज चढवून. ज्या माणसाला एक अक्षर कळत नाही त्याला नीट ऐकू जावं म्हणून ती बाई ओरडून बोलत होती. लिफ्टमध्ये, दुकानात, दवाखान्यात मराठी माणसं अमेरिकेत हेच करतात. आजूबाजूला आपली भाषा कळणारं कोणीच नाही असं धरून चालतात आणि घरचं सगळं खुशाल मोठ्याने बोलतात.

“माझ्या जावेच्या वडिलांचा फोन आला होता, फादर. कम्युनियनच्या आधी, गुरुवारी सकाळी, ती माझ्या घरी यायच्या आधी. तिला मला फोन करायला सांगा म्हणाले. मी सांगितलं नाही. बापलेकीचं भांडण होतं, ती रडत बसली असती, मग वडे कोणी तळले असते? म्हटलं, रविवार उरकला की सांगू. ते रविवारीच गेले. मग कसं सांगायचं? मी कोणालाच सांगितलं नाही.”

म्हातारे फादर मान डोलवत होते. ताई थांबल्यावर त्यांनी हात उंचावला, लॅटिन की इंग्रजी काहीतरी पुटपुटले आणि मग स्पष्ट म्हणाले, “थ्री हेल मेरीज. गो इन पीस, डिअर.”

ताई उठल्या, खाली मान घालून बाजूच्या दाराने बाहेर पडल्या, नमो मारिया त्या गाडीत बसून म्हणायच्या. त्यांनी मला पाहिलं नाही. आता माझी पाळी होती. मी जाऊन बसले. माझ्याकडे माझं नेहमीचं पाप होतं, वडिलांचं, तिनाच्या भावाचं. ते तोंडातून येईना. फादरनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. मी म्हणाले, “आय ॲम अँग्री.”

“लाउडर, डिअर.”

“आय ॲम अँग्री!” मी ओरडले. पियानो थांबला. पलीकडच्या चार रांगा वळून बघायला लागल्या. फादर प्रसन्न हसले, बहुधा त्या संध्याकाळी त्यांना नीट ऐकू आलेलं ते पहिलंच पाप असावं. मलाही त्यांनी तीनच दिले. तिला तीन, मला तीन. निरोप लपवल्याचे तीन आणि राग आल्याचे तीन.

पार्किंगमध्ये ताईंनी मला गाठलं. चेहरा नुकताच धुतल्यासारखा. “अगं, तू पण आलीस? बरं झालं. किती हलकं वाटतं ना? आज उपवासाचा शुक्रवार, मीटलेस, मी पिझ्झा ऑर्डर केलाय, या दोघं घरी.” नवरा हो म्हणाला. मी त्यांच्या घरी, त्याच स्वयंपाकघरात, त्याच फोनखाली उभी राहून मशरूमचा पिझ्झा खाल्ला.

तेव्हाच का नाही बोलले? कारण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरनी शिकवलं होतं, दुसऱ्याचं कन्फेशन चुकून कानावर पडलं तरी ते कधी ओठांवर आणायचं नाही, मरेपर्यंत नाही. अशी ही सोय. जिने लपवलं तिचं पोट साफ, आणि जिच्यापासून लपवलं तिच्या तोंडाला कुलूप. मी ते कुलूप सात आठवडे सांभाळलं. मनात एकच होतं, ताईंनी स्वतः सांगावं. एक वाक्य. माफीही नको, फक्त ‘तुझ्या बाबांचा फोन आला होता’ एवढंच. त्यांना फोन करावासा वाटला होता हे माझ्याच तोंडावर कोणीतरी सांगितलेलं मला हवं होतं, चोरून ऐकलेलं नको होतं.

मी त्यांना संधीवर संधी दिल्या. बाबांचा विषय काढला. त्यांच्या आवाजाची आठवण काढली. “शेवटचं बोलणं झालं असतं तर बरं झालं असतं,” असंही म्हणून पाहिलं. ताई माझा हात दाबायच्या आणि म्हणायच्या, “देवाची इच्छा गं.” देव बिचारा काय बोलणार. बाबांना वर्ष होत आलं तेव्हा ताईंनी आपणहून त्यांच्या नावाची मिस्सा लावली आणि पत्रकात नाव छापून आल्यावर ते माझ्यासाठी कापून ठेवलं.

शेवटी मी कुलूप मोडलं, पण आधी भलतीकडे. आमच्या इमारतीत नागपूरची एक मैत्रीण राहायची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. ती बौद्ध, म्हणून तिला सांगितलं तर ते मोजलं जात नाही अशी मी स्वतःची समजूत घातली. मी काही जाऊबाईंपेक्षा कमी चतुर नव्हते. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “थांब यार, मला समजू दे. नुकसान झालं तुझं. ती गेली तिसऱ्याच माणसाकडे. त्याला ऐकू येत नाही, भाषा येत नाही, आणि त्याने तिला माफ करून टाकलं?”

“हो.”

“आणि तू काहून गप्प बसून राहिली?”

“नियम आहे.”

“तुमच्यात ज्याचं वाईट केलं त्याला विचारायचा नियम नाही का?”

मी म्हटलं, “आमच्या घरी होता.” ती चहा गाळत राहिली. तिच्याकडून मी सरळ ताईंच्या घरी गेले.

बाबांच्या वर्षाच्या मिस्सेला दोन दिवस होते. दुपारची वेळ, घरात दुसरं कोणी नव्हतं. ताई मिस्सेनंतर वाटायला नानखटाई करत होत्या, कोपरापर्यंत मैदा. मी उभ्या उभ्याच म्हणाले, “ताई, माझ्या बाबांचा फोन आला होता. त्या गुरुवारी.”

त्यांचे हात थांबले. “तुला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच. तुम्ही मराठीत ओरडत होतात. मी मागे उभी होते.”

मला वाटलं होतं त्या रडतील. त्या चिडल्या. “कन्फेशन ऐकलंस तू माझं? लाज नाही वाटली? अगं, हे केवढं मोठं पाप आहे, ठाऊक आहे का तुला?”

“आहे. तीन हेल मेरीज.”

“चेष्टा करू नकोस. मी ते देवापुढे मांडलंय. फादरनी मला माफ केलंय. माझ्या बाजूने ते संपलंय, तू उगाच उकरू नकोस.”

“फादरचा बाप नव्हता मेला,” मी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना उलटून बोलण्याची माझी ती पहिली वेळ. मला ते बोलून फार बरं वाटलं, हेही सांगून टाकते. मग मी म्हणाले, “तुमची माफी तुम्हाला लखलाभ. मला फक्त ते काय म्हणाले ते सांगा. शब्द न् शब्द. त्यानंतर मी तुम्हाला कधीच विचारणार नाही.”

ताई खुर्चीत बसल्या. राग ओसरला होता, आता घाबरल्या होत्या. हात तसेच मैद्याने भरलेले, मांडीपासून वर धरलेले.

“घरून नव्हता केला,” त्या म्हणाल्या. “घरच्या फोनवरून फॉरेनला लागत नाही म्हणाले. नाक्यावरच्या बूथवर गेले होते, एकटेच. दम लागला होता त्यांना. म्हणाले, तिच्या नंबरवर कोणी बाई इंग्लिशमध्ये बोलते, ती कोण? मी म्हटलं, काका, ती कोणी नाही, टेप असते, त्यांनी घर बदललंय. मग विचारलं, ती बरी आहे ना. मी म्हटलं, मजेत आहे.”

“पुढे?”

“पुढे विचारलं, चर्चला जाते का तिकडे. मी म्हटलं, जाते की. मग म्हणाले, आणि कन्फेशनला?”

मला तिथेच थांबवावंसं वाटलं. मी थांबवलं नाही.

“मी म्हटलं, हो काका, जाते ना. आम्ही बरोबरच जातो, दर वर्षी लेंटच्या उपवासात, कधी चुकवत नाही ती. चांगलंच सांगितलं मी तुझ्याबद्दल.” ताईंनी माझ्याकडे आशेने पाहिलं. “मग ते गप्पच झाले. मला वाटलं लाइन गेली. हॅलो हॅलो केलं. मग म्हणाले, ‘अस्सं? पण ती माझ्याकडे तर आली नाही.’”

“आणि?”

“आणि काही नाही. ‘तिला मला फोन करायला सांगा,’ म्हणाले आणि ठेवला. मी म्हटलं, म्हातारपणी माणूस काहीतरीच बोलतो. अमेरिकेतून कन्फेशनसाठी कोणी वसईला जातं का? काय म्हणायचं होतं गं त्यांना?”

ओट्यावर नानखटाईचे गोळे ओळीने मांडलेले होते. मी ते पाहत उभी राहिले. ताई वाट पाहत होत्या. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं, पुण्याच्या कॅम्पात ‘आधी जाऊन या’ असलं काही नसावं.

“ठाऊक नाही,” मी म्हणाले, आणि हात धुऊन त्यांना गोळे वळून देऊ लागले.